आवाजाचा धनी कोण?

[मे महिना. साळावली धरणाचं ओसरलेलं पाणी. उघडा पडलेला कुर्डी गाव]

मे महिन्यात गोव्यातल्या साळावली धरणाचं पाणी खाली जातं आणि कुर्डी गाव वर येतो. घरांची जोती दिसू लागतात, तुळशीवृंदावनं दिसतात, विहिरींचे काठ दिसतात. धरणासाठी उठून गेलेली माणसं या दिवसांत परत येतात. सोमेश्वराला नारळ ठेवतात, मग आपापल्या जोत्यावर बसून जेवणाचे डबे उघडतात. त्यातलंच एक जोतं दाखवून कोणीतरी सांगतं, हे मोगूबाईंचं घर. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, जन्म १९०४. माणूस जातो, आवाज उरतो. आता यंत्र त्या आवाजात नवं गाऊ शकतं, तेव्हा त्या आवाजाचा धनी कोण?

[केरी. शाळेची प्रार्थना, मुलांच्या रांगा]

इथून उत्तरेला, फोंडा तालुक्यात केरी. ही शाळा केसरबाई केरकरांच्या नावाची, आणि उभी आहे ती त्यांच्याच एका घराच्या जागेवर. मोगूबाई आणि केसरबाई, दोघींनी जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेतली. ही तालीम म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. जयपूर-अत्रौली गायकीत आवाज मोकळ्या आकारात लावायचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट तुटू द्यायची नाही, लयीच्या आतली लय सांभाळत तान न्यायची. दम कुठे घ्यायचा हेसुद्धा गुरू ठरवणार. वर्षानुवर्षं समोर बसून एकच पलटा, म्हणजे स्वरांची एकच ओळ, घोटायचा. गुरूनं दिलं तरच मिळायचं. शिष्यत्वाचा दोरा, म्हणजे गंडा, गुरूकडून बांधून घ्यायचा तो त्यासाठीच.

[७८ आरपीएमची तबकडी फिरते. सुई टेकते]

केसरबाईंची भैरवी. ‘जात कहाँ हो’. जेमतेम साडेतीन मिनिटं. १९७७मध्ये व्हॉयेजर या अवकाशयानांवर पृथ्वीवरचे आवाज घेऊन जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यावर भारतातून हेच एक गाणं आहे. याच वर्षी, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. दोन्ही यानं तेव्हा नुकतीच निघाली होती. आज ती ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात आहेत.

आता याच साडेतीन मिनिटांकडे संगणक कसा पाहतो, ते पाहू.

[पडद्यावर आवाजाचं चित्र. रंगीत पट्टे सरकतात]

हे जे पट्टे दिसतात तो आवाजच आहे. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात कोणती कंपनं किती जोरात आहेत ते मांडायचं. यंत्र असे लक्षावधी तुकडे चाळतं आणि एका तुकड्यानंतर कोणता येण्याची शक्यता जास्त, ते शिकतं. राग कोणता, अभंग कोणाचा, हे त्याला ठाऊक असावं लागत नाही. जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक प्रणाली मांडली. कोणाचंही तीन सेकंदांचं बोलणं ऐकवलं, की त्या आवाजात ती काहीही बोलून दाखवते. तिला आधी शिकवलं होतं ते ६०,००० तासांच्या इंग्रजी वाचनावर. सात हजारांहून अधिक माणसांचे आवाज. ती माणसं स्वेच्छेनं, सगळ्यांसाठी मोफत पुस्तकं वाचून ठेवणारी. पुस्तकं ऐकली जावीत म्हणून त्यांनी आवाज दिला होता. यंत्राला बोलायला शिकवण्यासाठी तो वापरू का, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गाण्याला तीन सेकंद पुरत नाहीत, काही मिनिटं लागतात. गोव्यात अशी काही मिनिटं घरोघरी पडून आहेत.

[देवळाचा चौक, रात्र. पेटी, पखवाज, टाळ. फेर धरलेली भजनी मंडळी]

फोंडा तालुक्यातलं एक देऊळ. घरी कोकणी बोलणारी ही माणसं इथे बसली की तुकोबांच्या मराठीत गातात, पिढ्यान्‌पिढ्या. या मंडळींचे जुने बुवा आता नाहीत. त्यांची भजनं कॅसेटवर आहेत. सप्ताहात कोणी भरलेली, चवथीला कोणी भरलेली. काहींत मागे समई सरकवल्याचा आवाज आहे, एकीत बुवा पखवाजवाल्याला ओरडतात, तेही आहे. मंडळींतल्याच एका मुलानं बुरशी पुसून, फीत उलगडून, त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या. हे काम मोलाचं आहे, आणि त्यानं ते जीव ओतून केलं.

मग त्यानं बुवांच्या आवाजात एक अभंग तयार केला. बुवांनी आयुष्यात कधी न गायलेला.

[सभामंडप. ध्वनिक्षेपकावर अभंग सुरू. बुवांची मुलगी ऐकते. इथे निवेदन नाही]

मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बुवांना विचारायची सोय उरली नव्हती, आणि मुलीला विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणावरचा ६० वर्षं. केसरबाईंच्या जुन्या तबकड्या या मुदतीच्या बाहेर आहेत. शिवाय हा कायदा बोलतो तो गायलेल्या गाण्याबद्दल. जे गायलंच नाही, त्याबद्दल त्यात स्पष्ट असं काही सापडत नाही.

[मंगेशी. दीपमाळ, तळी]

न्यायालयं मात्र बोलू लागली आहेत. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्रानं नक्कल करायला मनाई केली. सप्टेंबर २०२५मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. आशाताई याच मंगेशीच्या दीनानाथांची लेक. त्या उच्च न्यायालयाचं खंडपीठ पर्वरीला आहे, इथून फार लांब नाही. पण सप्ताहात गाणारा बुवा वकील लावून तिथे जाईल का? ज्याचं नाव मोठं त्याचाच गळा सुरक्षित, हे आम्हाला मान्य नाही.

रीतसर विचारूनही हे करता येतं. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ चित्रपटातल्या गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असेच घडवले. कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला. आम्हाला तेही अपुरं वाटतं, कारण होकार गाणाऱ्याचा नव्हता. तरी विचारलं, हे महत्त्वाचं.

खोट्या आवाजात फोन करून पैसे उकळणं सुरू झालेलंच आहे, आणि जत्रेत गाणाऱ्यांच्या बिदागीचं काय होणार हा प्रश्नही दारात आहे.

[मंडळींची बैठक. चटई, चहाचे पेले, कागद]

चौकातल्या त्या मंडळींनी एक कागद तयार केला आहे. आज गाणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न. तुमचं मुद्रण लोकांना ऐकवू का? नव्या मुलांना शिकवायला वापरू का? तुमच्या आवाजात यंत्राकडून नवं काही करून घेऊ का, आणि तुमच्यामागे हे कोणाला विचारायचं?

[वृद्ध गायिका, चष्मा लावून लिहिताना]

या बाईंनी पहिल्या दोन प्रश्नांपुढे ‘हो’ लिहिलं. तिसऱ्यापुढे ‘नको’ लिहिलं आणि खाली नातीचं नाव घातलं. बुवांच्या मुलीनंही वडिलांसाठी हा कागद भरला. तिनं तिसरा प्रश्न अजून कोरा ठेवला आहे. मुलानं तो अभंग संगणकात ठेवला आहे. तिचा होकार येईपर्यंत तो देवळात वाजणार नाही, असं मंडळींत ठरलं आहे.