सहा-क

श्रोतेहो, नमस्कार. मी निवृत्त तलाठी. सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठच्या गावांत माझी बहुतेक नोकरी झाली. घरातला कर्ता माणूस गेला की मंडळी आधी स्मशानात जातात, दहाव्याला नदीवर, आणि महिन्याभरात तलाठ्याकडे. वारस नोंद करायला. तिची वही म्हणजे गाव नमुना सहा-क. मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि पुढे वारस कोण कोण. दिसायला साधा तक्ता. पण घरात चाळीस वर्षं ज्याचं नाव कुणी काढलेलं नसतं, ते तिथं लिहावंच लागतं.

एकदा दोन भाऊ आले. वारस किती? "आम्ही दोघंच, भाऊसाहेब." दारात पंचविशीचा एक पोरगा उभा होता, हातात दाखला. धाकल्या घरचा, म्हणजे बापाच्या दुसऱ्या बायकोचा. आख्ख्या गावाला माहीत, फक्त या घरात माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्यासारखं चाललं होतं. चालायची ढब, कपाळ, सगळं बापाचं. थोरल्यानं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बस की. उभा का?" अशा मुलांना आई-बापाच्या वाट्यात हिस्सा आहे, बाकी भावकीच्या वाट्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 च्या सप्टेंबरात नीट उलगडून सांगितलं. त्या थोरल्यानं ते किती तरी आधी दोन शब्दांत मिटवलं होतं.

पण आज मला बोलायचंय ते माझ्याच घराबद्दल.

माझी थोरली बहीण, आक्का. तिचं लग्न 1989 साली झालं. 1994 च्या जूनमध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकींना त्यातून वगळलं. आक्का पाच वर्षांनी हुकली. मग 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा कायदा बदलला आणि लग्नाची ती अट गेली. त्या दिवाळीत मी आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, ओट्यावर बसून हे सगळं मोठ्या तोऱ्यात समजावलं. खात्यातला माणूस ना मी! "आता आक्काचाही हिस्सा माझ्याइतकाच." आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. बोलले काहीच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मला म्हणाले, "आक्कानं निरोप धाडलाय. वाटणी पाहिजे म्हणती. वकिलाकडं जाऊन आली." माझं डोकंच फिरलं. हक्क तिचा होता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मला न विचारता थेट वकील? त्या वर्षी भाऊबीजेला मी गेलो नाही. तीही आली नाही. मग ते तसंच पडत गेलं. अकरा वर्षं.

2017 च्या श्रावणात आबा गेले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा बाभळीवर बसून राहिला. काय काय कबूल केलं लोकांनी! नातीचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू. कावळा ढिम्म. आक्का लांब, दाजींच्या मागं उभी होती. ती पुढं आली, हात जोडले आणि म्हणाली, "आबा, मी सही देते. झालं?"

मी म्हटलं, "कसली सही?"

"हक्कसोडाची. तूच कागद करून बसलावतास ना? आबाच सांगायचे फोनवर. सही देणार नसशील तर येऊ नको, उगा तोंडाला तोंड लागंल."

मी कसला कागद केला नव्हता. ती कुठल्या वकिलाकडं गेली नव्हती. तिनं तर हिश्श्याचा विषयसुद्धा कधी काढला नव्हता. नदीच्या वाळूत उभं राहून आम्ही आबांची वाक्यं एकमेकांना सांगत राहिलो, तिला काय म्हणाले, मला काय म्हणाले. कावळा शिवला का नाही, ते मी पाहिलं नाही. भावकी म्हणते, शिवला.

आबांनी असं का केलं असेल? त्यांच्या वडिलांची बावीस एकर भावांत वाटून त्यांच्याकडं सात उरली होती. त्याचे आणखी तुकडे त्यांना बघवले नसते. ती भीती त्यांच्या पोटात मीच घातली, त्या दिवाळीत. आणि याच आबांनी अकरा वर्षं आक्काला दर सुगीला ज्वारीचं पोतं पोचवलं, माझ्या नकळत. हेही तिथंच कळलं. मला त्यांचा राग अजून येतो, खोटं कशाला बोलू?

पण त्याहून मोठा राग माझा मला येतो. दुसऱ्याच्या फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाला, संबंधितांना नोटीस काढायची, हरकतीला 15 दिवस द्यायचे, त्याशिवाय नोंद मंजुरीला जात नाही. जन्मभर हेच काम केलं. आणि आक्काविरुद्धची नोंद मी एकाच्या तोंडी सांगण्यावर मंजूर करून टाकली. एक फोन केला नाही.

एवढं मात्र कामातलं सांगतो. दहाव्या-तेराव्याला बहिणीपुढं कागद सरकवू नका. वारस नोंदीला हक्कसोड पत्र लागत नाही. आणि ज्याला ते खरोखर करायचंय, त्याला ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवावंच लागतं. साध्या कागदावर रडत्या माणसाची घेतलेली सही तिथं उपयोगाची नाही.

आक्कानं पुढं सही दिली नाही. मीच म्हटलं, देऊ नको. गावच्या तरुण तलाठ्यानं सहा-कला दोघांची नावं लावली, सात-बारावरही दोघांची आली. जमीन मीच कसतो. बांधावरची चिंच तिनं लहानपणी लावलेली, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं, मी. दर उन्हाळ्यात ती चिंचेचा हिशेब मागते. मी देतो, पण चार किलो कमी सांगतो. तिला ते माहीत आहे.

नमस्कार.