ओट्समध्ये काय घालायचं आणि कधी घालायचं

(दृश्य: गॅसवर जाड बुडाचं पातेलं, पाण्याला उकळी फुटते आहे.)

पातेल्यात दीड कप पाणी आहे, साधारण 350 मिली. त्यात अर्धा कप, म्हणजे वजनाने 40 ग्रॅम रोल्ड ओट्स पडले. चिमूटभर मीठ, मंद आच, पाच मिनिटं. एका माणसाचा नाश्ता तयार. पोटभरीचा खरा, पण चवीला बेताचाच.

ओट्सवर काय घालावं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. बदाम घाला, केळं घाला, मध घाला. पण तेच बदाम उकळत्या ओट्समध्ये पाच मिनिटं राहिले की मऊ पडतात, आणि तोच गूळ अर्धा मिनिट आधी पडला की दूध फाटतं. याद्यांमध्ये जिन्नस असतात, वेळ नसते. या फिल्ममध्ये आपण वेळेकडे जास्त लक्ष देणार आहोत.

आधी ओट्सचा स्वभाव बघू. बाजारातले रोल्ड ओट्स कच्चे नसतात. कारखान्यात दाण्याचं साल काढतात, तो वाफवतात आणि रुळांखाली चपटा करतात. वाफेमुळे चरबी फोडणारी विकरं (एन्झाइम) निकामी होतात, म्हणून डबा लवकर खवट होत नाही आणि शिजायलाही वेळ लागत नाही. इन्स्टंट ओट्स आणखी पातळ लाटलेले असतात. ते दोन मिनिटांत शिजतात आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांची खळ होते. वरून काही घालून खायचं असेल तर रोल्ड ओट्सच घ्यावेत. स्टील कट म्हणजे नुसते तुकडे केलेले दाणे. त्यांना तीन-चारपट पाणी आणि वीस ते तीस मिनिटं लागतात; सकाळच्या घाईत ते परवडत नाहीत.

पातेल्यातलं पाणी आता दाट झालंय, ते बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे आणि स्टार्चमुळे. 40 ग्रॅम ओट्समध्ये हा तंतू दीड-दोन ग्रॅम असतो. सतत ढवळलं तर स्टार्च जास्त सुटतो आणि ओट्स गुळगुळीत होतात. दाणा वेगळा हवा असेल तर दोन-तीनदाच ढवळा. आणि गॅस बंद केल्यावरही ओट्स पाणी पीतच राहतात, म्हणून हवे त्यापेक्षा थोडे पातळ असतानाच उतरवा.

मिठाबद्दल आपल्याकडे उगाच संकोच आहे. गोड ओट्समध्येही चिमूटभर मीठ हवं, नाहीतर गोडी सपाट लागते. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावात 1994 पासून पॉरिज, म्हणजे ओट्सची लापशी, करण्याची जागतिक स्पर्धा भरते. तिच्या पारंपरिक प्रकारात ओटमील, पाणी आणि मीठ, एवढ्याच तीन गोष्टी चालतात. तिथे मीठ सोडायला कुणी तयार नाही.

दुधात करायचे असतील तरी सुरुवात पाण्यानेच करा. एक कप पाण्यात ओट्स शिजवा आणि शेवटच्या दोन मिनिटांत अर्धा कप गरम दूध घाला. निव्वळ दुधात शिजवले तर बुडाला लागतात आणि नजर हलली की उतू जातात.

(दृश्य: कढईत कोरडे ओट्स परतले जात आहेत.)

पाण्यात टाकण्याआधीची एक पायरी बहुतेक जण गाळतात. कोरड्या कढईत मंद आचेवर ओट्स तीन-चार मिनिटं परता, खमंग वास सुटेपर्यंत. रंग फारसा बदलायला नको. तांबूस झाले तर कडवट लागतील. अर्धा चमचा तुपावर परतले तर आणखी चांगले. भाजलेले ओट्स कमी चिकट होतात, आणि नुसत्या मीठ-पाण्यातही त्यांना चव असते.

आता गूळ.

(दृश्य: अगदी जवळून. रटरटत्या दूध-ओट्समध्ये गुळाचा खडा पडतो.)

कडेकडेने बघा. आधी पिवळसर पाणी सुटतं, मग त्यात बारीक पांढरे कण दिसू लागतात. दूध फाटलं. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात, आणि उकळत्या दुधातल्या केसीन या प्रथिनाला तेवढं निमित्त पुरतं. गूळ जितका जुना आणि काळपट, तितका धोका जास्त. खीर करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, ओट्स करताना मात्र विसरायला होतं. उपाय सोपा आहे. गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, वाफ ओसरली की दोन चमचे किसलेला गूळ घालून ढवळा. खडा नको, तो विरघळायला वेळ लागतो आणि मग हात पुन्हा गॅसकडे जातो. नुसत्या पाण्यातले ओट्स असतील तर गूळ केव्हाही घाला.

गुळाऐवजी खजूर वापरायचा तर त्याची वेळ बरोबर उलटी. दोन बिनबियांचे खजूर बारीक चिरून पाण्यासोबतच टाका. शिजताना ते विरघळतात आणि वेगळी साखर लागत नाही. खारकेची पूड एक मोठा चमचा घातली तर दोन-तीन चमचे पाणी वाढवा, ती भरपूर पाणी शोषते. काळे मनुकेही सुरुवातीलाच. ते टपोरे फुगतात. सुकं अंजीर मात्र रात्री भिजवून, चिरून, त्या पाण्यासकट घालावं. मध सगळ्यात शेवटी, तोही ताटलीतल्या ओट्सवर. शिजवला की त्याचा वास जातो. एक वर्षाखालच्या बाळाच्या वाटीत मध अजिबात नको.

फळांमध्ये केळं सगळ्यात सोयीचं. साल ठिपकेदार झालेलं अर्धं केळं कुस्करून शेवटच्या मिनिटाला पातेल्यात टाका, ते गोडी देतं आणि ओट्स मलईदार होतात. उरलेल्या अर्ध्याच्या चकत्या वर. चकत्या आधी कापून ठेवायच्या असतील तर लिंबाचे चार थेंब चोळा, काळ्या पडणार नाहीत. सफरचंद कच्चंच टाकलं तर पाणचट लागतं. चमचाभर तुपावर त्याच्या फोडी तीन-चार मिनिटं परता, चिमूटभर दालचिनी पूड घाला. कडा तांबूस झाल्या की उतरवा. सफरचंद कच्चं चालतं ते भिजवलेल्या थंड ओट्समध्ये. स्वित्झर्लंडच्या झुरिकमधले डॉक्टर बिर्शर-बेन्नर यांनी 1900 च्या सुमारास रुग्णांसाठी जे म्यूसली सुरू केलं, त्यात किसलेलं सफरचंद हेच मुख्य होतं. भिजवलेले ओट्स चमचाभरच.

काही फळांना मात्र जपून हात लावावा. अननस, कच्चट पपई आणि किवी यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ती दुधा-दह्यात मिसळली की अर्ध्या तासात कडू चव येते. लगेच खाणार असाल तर हरकत नाही. रात्रभर ठेवणार असाल तर अननस आधी पाच मिनिटं शिजवा, उष्णतेने विकर मरतं. सीताफळाचं नेमकं उलट आहे, तापवलं की तेच कडवट होतं. म्हणून बासुंदीत जसा त्याचा गर गार झाल्यावर घालतात तसाच इथेही, ओट्स पूर्ण निवल्यावर. हापूसच्या फोडीही थंड ओट्समध्येच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आंबट निघाली तर चिरून अर्धा चमचा साखर लावून पंधरा मिनिटं ठेवा. सुटलेला रस आणि फोडी दोन्ही निवलेल्या ओट्सवर घाला. कढत दुधात ओतलात तर पुन्हा फाटण्याचीच गत. चिकूला यातलं काही लागत नाही, सोला आणि घाला.

(दृश्य: पाटावर गार झालेले बदाम, सुरीचा आवाज.)

आता कुरकुरीत भाग. ओट्स मऊ, दूध मऊ, केळं मऊ. तिसऱ्या घासाला कंटाळा येतो तो यामुळेच. बदाम मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच चिरा. गरम चिरले तर नीट तुटत नाहीत, कुरकुरीतपणा गार होतानाच येतो. भोपळ्याच्या बिया कढईत फुगून तडतडू लागल्या की काढा. आक्रोडाचं तेल लवकर खवट होतं, तो फ्रिजमध्येच ठेवा. जुना आक्रोड एक जरी पडला तरी सगळी वाटी बिघडते. हे सगळं ताटलीत वाढल्यावर, खायच्या अगदी आधी. दाण्याचं कूट मात्र याला अपवाद. दोन चमचे जाडसर कूट ओट्स उतरवताना आत मिसळा, त्याने दाटपणा आणि खमंगपणा दोन्ही येतात.

जवस अख्खं घातलं तर बरंचसं न पचताच बाहेर पडतं, म्हणून भाजून पूड करावी. तडतडायचं थांबलं की भाजलं गेलं असं समजा. पूड थोडीच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. चिया स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी धरतात. एका लहान चमच्यामागे तीन-चार मोठे चमचे द्रव वाढवला नाही तर ओट्स चमच्याला लोंबकळतात. कोको कोरडा टाकला तर गुठळ्या होतात. तो आधी थोड्या गरम पाण्यात कालवून घ्या.

एक हिशेब सांगून ठेवतो. 40 ग्रॅम कोरड्या ओट्सचे साधारण 150 कॅलरी होतात. वर 30 ग्रॅम बदाम म्हणजे आणखी 170, मोठा चमचाभर पीनट बटर म्हणजे 95 आणि मोठा चमचाभर मध म्हणजे 60. वजन उतरवायला म्हणून घेतलेली वाटी अशी बघता बघता जेवणाच्या पलीकडे जाते. आणि गूळ, खजूर, मध ही मधुमेहाच्या पथ्यात साखरच.

(दृश्य: लोखंडी पळीत मोहरी तडतडते आहे.)

खरं सांगायचं तर मराठी जिभेला ओट्स तिखटामिठाचेच जास्त रुचतात. मऊ गुरगुट्या भाताला जे जे चालतं, ते ते पाण्यात शिजवलेल्या ओट्सला चालतं. एका वाटी ओट्सवर एक मोठा चमचा मेतकूट, एक चमचा साजूक तूप, मीठ आणि लिंबाची फोड. मेतकूट शिजवू नका. ते भाजलेल्या डाळींचं असतं, उकळलं की पिठूळ होतं.

दुसरा मार्ग फोडणीचा. पळीत दोन चमचे तेल तापवा, पाव चमचा मोहरी घाला, ती तडतडून शांत झाली की जिरं, हिंग, कढीपत्ता आणि एक सुकी मिरची. गॅस बंद करून मग हळद, नाहीतर ती करपते. ही फोडणी शिजलेल्या ओट्सवर वरून ओता. त्यावर ओलं खोबरं, कोथिंबीर. फोडणी आधी आणि ओट्स नंतर असं केलं तरी चालतं, पण मग कढीपत्त्याचा कुरकुरीतपणा आणि हिंगाचा वास निम्मा होतो.

दही घालून करायचे तर ओट्स आधी कोमट होऊ द्या. कढत ओट्समध्ये दही फुटतं. अर्धी वाटी दही, दोन चमचे दूध, कोचवलेली काकडी, डाळिंबाचे दाणे, वर फोडणी. काकडीला मीठ वाढतानाच लावा, नाहीतर पाणी सुटून सगळं पातळ होतं. चटण्यांपैकी कारळाची आणि लसणाची सर्वात जमते. एक लहान चमचा पुरे, त्यात मीठ असतंच. मसाला ओट्सच्या तयार पाकिटातही मीठ आधीच असतं, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून घालू नका.

उपम्यासारखे मोकळे ओट्स हवे असतील तर पाण्याचं माप बदलतं. एक कप भाजलेल्या ओट्सला पाऊण कप पाणीच. कांदा, मटार, गाजर आधी फोडणीत पूर्ण शिजवून घ्या, मग ओट्स टाका, वरून गरम पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ आणा. भाजी कच्ची असताना ओट्स टाकले तर मटार शिजेपर्यंत ओट्सचा गोळा होतो. या पदार्थात सगळ्यात जास्त फसतं ते इथेच.

(दृश्य: फ्रिजमधून काढलेली काचेची बरणी.)

रात्री भिजवायचे ओट्स हे ज्यांना सकाळी गॅसही लावायचा नाही त्यांच्यासाठी. 40 ग्रॅम ओट्स, 120 मिली दूध, तीन चमचे दही, एक लहान चमचा चिया. मनुके, खजूर, वेलची रात्रीच घाला, फळं आणि सुका मेवा सकाळी. सहा ते आठ तास फ्रिजमध्ये. ओट्यावर ठेवले तर आपल्याकडच्या उकाड्यात सकाळी आंबलेले मिळतील. फळ न घातलेली बरणी दोन दिवस टिकते.

आणि जास्तीचे शिजवून ठेवलेले? फ्रिजमध्ये त्यांची वडी पडते. गरम करताना तीन-चार चमचे पाणी किंवा दूध घालून मंद आचेवर हळूहळू मोडा. तिखटामिठाचे उरले असतील तर तेवढीही खटपट नको. ते थालीपिठाच्या भाजणीत कालवा, कांदा आणि तिखट घाला आणि पाणी घालण्याआधी पीठ मळून बघा. ओट्समधलं पाणी बहुतेक पुरतं.