मेल्याचं सोंग घेऊन शिकार करणारा लिव्हिंगस्टोनी

मंडळी, व्हिडिओ पुढं ढकलू नका, हा जो वाळूवर आडवा पडलेला मासा दिसालाय ना तो मेलेला नाहीय. अंगावरचे ते तपकिरी डाग बघा, फिकट अंगावर कसेही पसरलेत, पिकून काळं पडलेल्या केळ्याच्या सालीसारखे, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की हा सडायला लागलाय. आता बारके मासे जवळ येतेत, टोचून बघायला, आयतं खायला मिळालं म्हणून, आणि हा काही मिनिटं तसाच पडून राहतो, अजिबात घाई नाही, एखादा तोंडाच्या टप्प्यात आला की खटकन आडव्यातूनच झडप!

याचं नाव निम्बोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी. सिक्लिड कुळातला हा शिकारी, केनेथ मॅके या संशोधकानं आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात प्रत्यक्ष पाण्यात बघून 1981 मध्ये या सोंगाबद्दल लिहिलं.

ते सरोवर पण समजून घ्यायला पाहिजे. लांबी 550 किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या बेळगावातनं मुंबई गाठली तरी ते संपत नाही, खोली 700 मीटरच्या आसपास, पण साधारण 250 मीटरच्या खाली ऑक्सिजनच नाही, त्यामुळं सगळे मासे वरच्या पाण्यात आणि काठाकाठानं. सिक्लिडच्याच शेकडो जाती, आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. एवढ्या गर्दीत पोट भरायचं म्हटल्यावर प्रत्येकानं आपापली युक्ती काढली. आपला हा गडी वाळू आणि व्हॅलिसनेरिया गवत असलेल्या भागात जास्त फिरतो, खडकांजवळ पण दिसतो.

मादी अंडी तोंडात धरून ठेवते, साधारण तीन आठवडे. हे आपल्याकडं नवीन नाही हं, बाजारात चिलापी म्हणून विकतात तो तिलापिया पण सिक्लिडच, आणि त्याची मादी पण हेच करते. तो 1952 मध्ये भारतात आणला, आणि आज देशभर तळी, धरणं, नद्या, कुठं नाही सांगा!

म्हणून मला मनापासून वाटतं की शोभेच्या माशांच्या दुकानातनं 'आफ्रिकन मिक्स' म्हणून, म्हणजे आफ्रिकन सिक्लिडच्या वेगवेगळ्या जातींची, दोन इंची पिल्लं घेताना आधी विचारून घ्या. हा पुढं 20-25 सेंटीमीटर होतो, तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि दोन फुटी टाकीत त्याचे हाल होतात. टाकी लहान पडली की लोक सरळ मलप्रभा नदीत नाहीतर हिडकल धरणाच्या पाण्यात सोडून मोकळे होतात, तसं अजिबात करू नका, दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेला कोण असेल त्याला द्या. आणि ठेवायचाच असेल तर पाच-सहा फुटी टाकी घ्या, तळाला खडी नको, बारीक वाळूच घाला, आडवा पडायला त्याला तीच लागते.