व्हॅसर क्लेमेंट्स: फिडलवर वाजलेला ट्रॉम्बोन

(पडद्यावर: उजवं मनगट, गज, घोडीजवळ साचलेली राळेची पांढरी भुकटी.)

आधी उजवा हात बघा.

ब्लूग्रास म्हणजे अमेरिकी लोकसंगीतातून घडलेलं तारवाद्यांचं संगीत. त्याच्या जलद धूनमध्ये मिनिटाला 240 ठोके सहज पडतात. एका ठोक्यात दोन सूर धरले, तर सेकंदाला आठ. एवढ्या वेगात आख्खा गज ओढायला वेळ कुठला? बहुतेक फिडलवाले (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिनच) मधला वीतभर गज वापरतात आणि सगळं काम मनगटावर सोपवतात. हा हातही बराच वेळ तेच करतो. मग मध्येच एक ओढ लांबत जाते. चार-पाच सूर एका दमात, ठोक्याच्या जरा अलीकडून सुरू होऊन ठोका ओलांडून पलीकडे. मागे बँजो टिकटिक करतोय, डबल बास आपल्या जागी ठाम आहे, आणि त्यावरून हा सूर तिरका निघून जातो.

हा व्हॅसर क्लेमेंट्सचा हात. आणि ही ओढ फिडलवाल्यांकडून आलेली नाही.

(पडद्यावर: फ्लोरिडाचा नकाशा. जुना लाकडी रेडिओ.)

जन्म 25 एप्रिल 1928, फ्लोरिडातलं किनार्ड गाव. वाढला किसिमीमध्ये. सातव्या वर्षी आपलं आपणच वाजवायला लागला. नोटेशन वाचायला कधीच शिकला नाही. चबी वाइझ हा फिडलवादक घरच्या ओळखीतला. बिल मन्रोच्या ज्या ताफ्याने 1946 च्या सुमारास ब्लूग्रासची घडी बसवली, त्यात फिडल याच वाइझचं. म्हणजे परंपरा तशी दारातच होती.

कान मात्र रेडिओकडे लागलेला. तिथे बिग बँड, म्हणजे स्विंग या झुलत्या जॅझचे मोठे ताफे, वाजत होते: ग्लेन मिलर, लेस ब्राउन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, आर्टी शॉ. पुढे क्लेमेंट्स स्वतः सांगायचा, की शिकताना आपण फिडलवर या बँडचा आवाज काढायला धडपडत होतो. या मंडळींची वाद्यं बघा. डॉर्सीचा ट्रॉम्बोन, जेम्सचा ट्रम्पेट, शॉचं क्लॅरिनेट. सगळी फुंकीची. त्यात वाक्य किती लांब जाईल हे श्वास ठरवतो, आणि ट्रॉम्बोनची नळी सरकवली की मींड आपसूक निघते. गजाला श्वास मानलं, की ती मघाची लांब ओढ उलगडते.

(पडद्यावर: एकच माइक, भोवती पाच वादक.)

1949 साली तो मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइजमध्ये शिरला. वय 21. फेब्रुवारी 1950 मधल्या ध्वनिमुद्रणात त्याचं फिडल ऐकू येतं.

मन्रोकडे वाजवणं म्हणजे डाव्या हाताची परीक्षा. मन्रोचा गळा उंच, त्यामुळे गाणी, पेटीच्या भाषेत, काळी पाच, पांढरी सात अशा पट्ट्यांत चढवलेली. फिडलच्या चार मोकळ्या तारा म्हणजे पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर चारही कामाला येतात: षड्ज, पंचम, रिषभ, धैवत. खेड्यापाड्यांतले जुने फिडलवाले याच सोयीवर जगत. मोकळी तार शेजारी घुमत ठेवायची आणि वर धून वाजवायची. आता पट्टी पांढरी सात करा. चारांतली एकच तार स्वरात राहते, पांढरी तीन, आणि तीही मध्यम. षड्जासाठीसुद्धा बोट दाबावं लागतं. सवयीने मोकळी तार घासली गेली, की सगळ्यांच्या कानाला लागतं.

यावर इलाज एकच. मोकळ्या तारा विसरायच्या आणि चारही बोटांचा एक साचा बसवायचा, जो तारांवर कुठेही सरकवता येईल. करंगळी इथे हवीच, आणि गावाकडच्या वादकांची नेमकी तीच कच्ची असते. हा साचा बसला, की आणखी एक दार उघडतं. ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांच्या आवडत्या पट्ट्याही काळी पाच, काळी दोन याच. मन्रोच्या गळ्यासाठी घोटलेला हात स्विंगला जसाच्या तसा चालतो. क्लेमेंट्सच्या पुढच्या सगळ्या मुशाफिरीचं बीज मला इथेच दिसतं.

(पडद्यावर: डाव्या हाताची तर्जनी, जवळून.)

आता एक सूर अगदी जवळून. पट्टी पांढरी पाच, तार पांढरी सहाची, बोट तर्जनी. तारेची वाजती लांबी सुमारे 328 मिलिमीटर. तर्जनी वरच्या टोकापासून 18 मिलिमीटरवर ठेवली तर कोमल गंधार, 36 वर शुद्ध गंधार. मधल्या सतरा-अठरा मिलिमीटरमध्ये ब्लूजचं सगळं घर आहे. क्लेमेंट्स कोमलावरून निघतो, शुद्धाकडे घासत जातो, आणि पुष्कळदा पोहोचायच्या आधीच गज उचलतो.

नकलाकार इथे फसतात. ते प्रत्येक सुरावर घसरतात, आणि दहा मिनिटांत ऐकणाऱ्याला गरगरायला लागतं. तो मात्र ही घसरण बहुतेक गंधार-निषादासाठी राखून ठेवतो. षड्ज-पंचमावर बोट सरळ पडतं. आधार पक्का असला तरच डळमळण्यात गंमत.

उजव्या हाताची गोष्टही अशीच. नॅशव्हिल शफल हा फिडलचा पाठ केलेला ठेका: दोन सूर एका ओढीत, पुढचे दोन सुटे. ओढी होतात तीन, म्हणून पुढचा गट उलट्या दिशेने सुरू होतो. नवशिका लांब ओढीवर जोर देतो आणि ठेका बैलगाडीसारखा चालतो. जोर हवा सुट्या सुरांवर. क्लेमेंट्सला हे येत होतंच. पण एकल वादनाची पाळी आली की तो साचा मोडायचा: कधी तीन सूर जोड, कधी पाच, आणि जोर कुठे पडेल याचा नेम नाही. स्विंगचे जोडसूर लांब-आखूड असतात, ब्लूग्रासचे जवळपास समान. एकाची चाल दुसऱ्यावर लादली, की वादक मागे पडतो आणि ताफा चिडतो. क्लेमेंट्स सूर उशिरा उचलायचा, पण ठोक्यावर वेळेत उतरायचा.

(पडद्यावर: रेल्वेचा रूळ, कागद गिरणी, केप कॅनव्हेरल.)

1957 पासून काही वर्षं जिम अँड जेसी या ब्लूग्रास गाणाऱ्या भावांबरोबर. मग दारू, आणि संगीत जवळपास सुटलेलं. रेल्वेत, कागद गिरणीत, केनेडी अवकाश केंद्रात प्लंबर म्हणून कामं केली. 1967 मध्ये नॅशव्हिलला परतला तो एका क्लबात टेनर बँजो वाजवायला. तिथे चालायचं डिक्सीलँड जॅझ. नंतर फॅरन यंगच्या ताफ्याबरोबर दौरे.

आणि मग 1971. जॉन हार्टफर्डच्या ‘एरिओ-प्लेन’मध्ये नॉर्मन ब्लेकचं गिटार, टट टेलरचा डोब्रो (आडवा धरून वाजवायचा गिटार) आणि क्लेमेंट्सचं फिडल. लांब केसांचे वादक जुन्या वाद्यांवर काहीतरी भलतंच वाजवताहेत, असं अनेकांना वाटलं. पुढच्या पिढीने हीच तबकडी घासून घासून ऐकली. त्याच ऑगस्टमध्ये नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत निटी ग्रिटी डर्ट बँडने जुन्याजाणत्यांना एकत्र बसवलं. तिथली ‘ऑरेंज ब्लॉसम स्पेशल’ ऐका. ही आगगाडीची धून: पांढरी तीनमध्ये शिट्टी आणि चाकांची घरघर, मग पांढरी सहामध्ये धाव. त्या धावेत तिनाचे गट चाराच्या ठोक्यावर आडवे टाकत, गज दोन जोडतारांवर झुलवावा लागतो. हे काम कोपराने करायला गेलात तर दहा सेकंदांत दंड भरून येतो. मनगटच झुललं पाहिजे. खरं सांगायचं तर ही धून म्हणजे सर्कस. त्याच्या हातात मात्र ती संगीत वाटते.

1973 मध्ये ‘ओल्ड अँड इन द वे’. बँजोवर ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा जेरी गार्सिया, सोबत डेव्हिड ग्रिसमन, पीटर रोवन आणि जॉन कान. त्याच वर्षी ग्रेटफुल डेडच्या तबकडीवरही त्याचं फिडल, पुढच्या वर्षी डिकी बेट्सच्या. 1975 मध्ये ‘हिलबिली जॅझ’, गिटारवादक डेव्हिड ब्रॉमबर्गबरोबर. लहानपणी रेडिओवर ऐकलेलं स्विंग अखेर उघडपणे त्याच्या नावावर आलं. त्याची ‘लोन्सम फिडल ब्लूज’ ही धूनही त्याच वर्षीच्या दुसऱ्या तबकडीवर आहे आणि तिथे गिटारवर आहे चार्ली डॅनिएल्स. डॅनिएल्सच्या ताफ्याने पुढे ती सुरावट एक सप्तक वर नेली, शब्द बसवले, आणि 1979 मध्ये ‘द डेव्हिल वेंट डाउन टू जॉर्जिया’ अमेरिकाभर गाजलं. मूळ धून कुणाची, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं!

1987 च्या तबकडीत समोर जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली बसला आहे. पॅरिसचा, गिटारवादक जँगो राइनहार्टचा साथीदार. दोघांचा आवाज वेगळा काढायला नावं वाचावी लागत नाहीत. ग्रापेली हलका, स्वच्छ, वरच्या तारांवर भिंगरीसारखा. क्लेमेंट्स खरखरीत, जड, खालच्या तारांवर रेंगाळणारा. एकाने जॅझ व्हायोलिनला सभ्य केलं, दुसऱ्याने त्याला चिखल लावून आणलं. मला चिखलवाला जास्त आवडतो.

(पडद्यावर: बँजोच्या खुंट्या, जवळून.)

2005 च्या ग्रॅमीत बँजोवादक अर्ल स्क्रग्ज आणि इतरांबरोबरच्या ‘अर्ल्स ब्रेकडाउन’ या ध्वनिमुद्रणाला पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी 16 ऑगस्टला क्लेमेंट्स गेला.

ही धून स्क्रग्जची, 1951 ची. बँजोला पडदे असतात, त्यामुळे गंधारावर घासत जायची सोय नाही. म्हणून स्क्रग्ज वाजवता वाजवता खुंटीच पिळतो, तार सैल होते, सूर ओघळतो, आणि खुंटी उलटी फिरवली की परत जागेवर चढतो. शेजारी क्लेमेंट्स तेच करतो, एका तर्जनीने.