जुन्या कंट्रोल पॅनेलचे सुटे भाग : शोध कुठून सुरू करावा?

नमस्कार. माझ्या हातात दिसणारे हे कार्ड सीमेन्सच्या सिमॅटिक एस-५ या पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमनुसार यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांच्या, मालिकेतील आहे. ही मालिका १९७९ साली बाजारात आली, आणि भोसरीत मी ज्या उष्णताप्रक्रियेच्या भट्ट्यांच्या देखभालीला जातो, त्यांतील दोन आजही तिच्यावरच चालतात. उत्पादन कधीच थांबलेले असल्यामुळे असे कार्ड मिळवायचे कसे, हा आजचा विषय आहे. मात्र बाजाराकडे वळण्याआधी पॅनेलपाशी थोडे थांबावे लागेल.

भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. एका शुक्रवारी सकाळी भट्टी सुरूच होईना, तेव्हा कारखान्यातील मंडळींनी सीपीयू, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारे मुख्य कार्ड, जळाला असे ठरवून दुसऱ्या सीपीयूसाठी तीन ठिकाणी दरही विचारले होते. प्रत्यक्षात स्मृती टिकवून धरणारी लिथियम बॅटरी संपली होती, आणि बुधवारी रात्री वीजपुरवठा बंद करताच प्रोग्रॅम पुसला गेला होता. ही बॅटरी पुरवठा चालू असतानाच बदलायची असते, त्यामुळे मी ते काम आता बुधवारच्या चालू पाळीतच करून घेतो. प्रोग्रॅमची प्रत नसेल, तर बाजारातून आणलेला सर्वोत्तम सीपीयूही रिकामी पाटीच ठरतो. ती प्रत काढण्यासाठी स्टेप-५ हे एस-५ चे प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर चालवू शकणारा संगणक आणि सीपीयूच्या २० मिलिअँपिअर करंट लूपला, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या रूपात माहिती पाठवणाऱ्या जोडणीला, जोडणारी केबल लागते. सुट्या भागांच्या यादीत माझ्या मते पहिले नाव या केबलचेच असावे.

आता कार्डाकडे येऊ. येथे बाजूला छापलेला क्रमांक ६ईएस५ असा सुरू होतो. सीमेन्सच्याच नंतरच्या एस-७ मालिकेचे क्रमांक ६ईएस७ ने सुरू होतात. चौकशी करताना लोक बहुधा कार्डाचे नाव आणि मधले आकडे सांगतात व शेवटची अक्षरे सोडून देतात, पण इनपुटचा प्रकार किंवा पुढची सुधारित आवृत्ती बऱ्याचदा त्या शेवटच्या अक्षरांतच दडलेली असते. मी स्वतः एकदा शेवटची दोन अक्षरे न पाहता एका व्यापाऱ्याकडून कार्ड घेतले, ते रॅकमध्ये व्यवस्थित बसले, दिवाही लागला, आणि भट्टीचे तापमान मात्र भलतेच दाखवू लागले. कार्ड परत घेण्यास त्याने नकार दिला, आणि खरे सांगायचे तर मागणी मीच अर्धवट लिहिली होती.

खरेदीचे मार्ग मोजकेच आहेत. मूळ कंपनीकडे शिल्लक असेल तर तेथूनच घ्यावे, दर जास्त असला तरी. अॅलन-ब्रॅडली या दुसऱ्या ब्रँडची पीएलसी-५ मालिका जून २०१७ मध्ये बंद झाली, तर सीमेन्सच्या एस-७ मधील एस-७-३०० चे नियमित उत्पादन १ ऑक्टोबर २०२३ पासून आवरते घेण्यात आले असून तिचे सुटे भाग त्यापुढे सुमारे 10 वर्षे मिळतील असे कंपनीने सांगितलेले आहे; म्हणजे एस-७-३०० वाल्यांना आज जी सवड आहे, ती एस-५ वाल्यांना उरलेली नाही. दुसरा मार्ग म्हणजे आधुनिकीकरण करणारे कारखाने. त्यांचे जुने पॅनेल भंगारात जाण्याआधी अख्खा रॅक उचलता आला, तर तो सुट्या कार्डांपेक्षा स्वस्त पडतो आणि चालू स्थितीत काढलेला असल्याची खात्रीही असते. मंगळवार पेठेतला जुना बाजार मला मनापासून आवडतो, पण तेथून मी फ्यूजधारकापलीकडे काही पॅनेलमध्ये लावलेले नाही. परदेशातून वापरलेला माल मागवायचा असेल, तर आयातीच्या अटी पैसे भरण्याआधी तपासाव्यात, कारण सीमाशुल्क विभागात अडकलेले कार्ड भट्टी सुरू करत नाही.

विक्रेता ‘तपासलेले आहे’ म्हणतो, तेव्हा कसे तपासले ते विचारावे. केवळ दिवा लागणे ही तपासणी नव्हे. ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत वाचणाऱ्या ॲनालॉग इनपुट कार्डाच्या प्रत्येक चॅनेलला ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर देऊन वाचन लिहून घ्यावे आणि त्याच कार्डाचा अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र मागावे. चिपवरची छपाई खरवडून पुन्हा केलेली वाटली, किंवा कडेच्या सोनेरी पट्ट्या खोल घासलेल्या दिसल्या, तर ते कार्ड सोडून द्यावे.

पॉवर सप्लायच्या बाबतीत मी दुरुस्तीकडे झुकतो. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकत जातात, आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. भट्टीशेजारच्या पॅनेलमध्ये मे महिन्यात काय होत असेल, ते सांगायला नको. १०५ अंश सेल्सिअसचे नवे कपॅसिटर टाकले की जुना सप्लाय बहुधा पुन्हा उभा राहतो.

कपाटात जपून ठेवलेला सप्लायही वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने बिघडतो. खंडेनवमीला पूजेसाठी पॅनेल पुसायला काढले जातेच. त्याच दिवशी मी शिल्लक सप्लाय रॅकमध्ये लावून तासभर चालवतो आणि खोक्यावर तारीख लिहून तो परत ठेवतो.