बिडाचा पॅन : वाळूतून बाहेर येताना

[पडद्यावर : उलटा धरलेला काळा पॅन. कॅमेरा दांड्याजवळ येतो.]

या पॅनचा दांडा भांड्याला जिथे मिळतो, तिथे रिव्हेट शोधा. सापडणार नाही. वेल्डिंगही नाही. तळ, काठ, तेल ओतायची चोच, दांडा, दांड्याच्या टोकाचं भोक, सगळं एकदमच झालेलं. पातळ झालेलं लोखंड वाळूच्या साच्यातल्या एका पोकळीत शिरलं आणि तिथेच गोठलं. हा बिडाचा पॅन. बीड म्हणजे ओतीव लोखंड.

फाउंड्रीत पाऊल टाकलं की डोळे आधी भट्टीकडे जातात. साहजिक आहे, तो लखलखाटच तसा असतो. पण पॅनचा काठ फुटका निघाला, पाठीवर खड्डे दिसले, की पहिला संशय वाळूवर घेतला जातो. तेव्हा आपणही वाळूपासूनच सुरुवात करू.

[पडद्यावर : मुठीत दाबलेली काळी वाळू. मूठ उघडते.]

बोटांचे ठसे बघा, कसे स्पष्ट उमटलेत. ही सिलिका वाळू. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि शंभराला तीन-चार भाग पाणी. मुरलेला कामगार हा गोळा मोडतो, तुटलेली कड बघतो आणि पाणी कमी की जास्त ते सांगतो. यंत्र तेच मागाहून आकड्यांत सांगतं. पाणी जास्त झालं, तर त्याची वाफ लोखंडात अडकून भोकं पाडते. कमी पडलं, तर साच्याची कड ढासळते. कोळशाच्या भुकटीचं काम निराळं. ती तापली की साच्याच्या आतल्या अंगावर कार्बनचा पातळ थर धरते, त्यामुळे वाळू लोखंडाला चिकटत नाही.

लोखंडी भांडी नुसत्या वाळूत ओतायच्या पद्धतीचं पेटंट इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ साली घेतलं. वाळू तीच राहिली, दाबणारे हात मात्र बदलले. १९५७ साली डेन्मार्कमध्ये एका यंत्राची कल्पना निघाली. ते वाळूची उभी वीट दाबून काढतं. विटेच्या एका अंगावर पॅनची आतली बाजू, दुसऱ्या अंगावर बाहेरची. विटा एकमेकींना टेकून पुढे सरकतात आणि दोन विटांच्या मधे पॅनच्या आकाराची पोकळी उरते. वाळू धरून ठेवायला लोखंडी पेटी लागतच नाही. तासाला शेकडो साचे असे निघतात. विटेवर ठसा उमटवणारा पॅटर्न खऱ्या पॅनपेक्षा साधारण एक टक्का मोठा ठेवतात, कारण थंड होताना लोखंड तेवढं आकसतं.

[पडद्यावर : भट्टीचं तोंड. वर तरंगणारी मळी काढली जाते.]

भट्टीत पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड पडतं, पोलादाचं भंगार पडतं आणि आदल्या पाळीत नाकारलेले पॅनही पडतात. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि दोनेक टक्के सिलिकॉन असलं, की १२०० अंशांच्या आतबाहेरच ते पातळ होतं. तरी ओतायच्या आधी आणखी बरंच तापवावं लागतं. पोकळी जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. धातू वाटेत गारठला, तर पॅन अर्धाच भरायचा.

खरी मेख या पातळपणातच आहे. जाडजूड ठोकळा ओतणं त्यामानाने सोपं. पातळ बीड झटकन थंड झालं, की कार्बनला ग्राफाइटचे पापुद्रे धरायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी जखडून बसतो आणि तयार होतं पांढरं बीड, कडक पण ठिसूळ. असा पॅन हातातून निसटला की तुकडेच गोळा करायचे. म्हणून ओतण्याआधी रसात फेरोसिलिकॉनचे, म्हणजे लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे थोडे दाणे टाकतात. ग्राफाइटला धरायला त्यातून आधार मिळतो.

[पडद्यावर : ओतकाम. निवेदन नाही, फक्त आवाज.]

काही सेकंदांचं काम. मग साचे हळूहळू पुढे सरकतात आणि थरथरत्या जाळीवर येऊन फुटतात. एका साच्यात एकदाच ओततात. वाळू खाली गळते. ती गाळून, थंड करून, पाणी घालून पुन्हा कामाला लागते. पॅन मात्र अजून एकाच देठाला लटकलेले असतात. हा देठ म्हणजे धातू ज्या वाटेने आत आला तो रनर. तो तोडून परत भट्टीत टाकतात.

पुढे शॉट ब्लास्टिंग. पोलादाच्या बारीक छर्‍यांचा मारा झाला, की जळकट काळा पॅन करडा होतो. दोन विटांच्या सांध्यावर उरलेली पातळ कड ग्राइंडरवर घासतात. कुणी पॅन उचलून ठोकून बघतो. चांगला पॅन खणकन वाजतो, तडकलेला भदभद बोलतो. भदभद बोलला, तो भट्टीच्या ढिगात.

उघडं बीड गंजायला फार वेळ घेत नाही. म्हणून पॅनवर तेलाचा अगदी पातळ थर देऊन तो भट्टीत भाजतात. हे सीझनिंग. या उष्णतेत तेल तेल राहत नाही. त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडावर टणक आवरण बसतं. पॅनचा काळेपणा म्हणजे रंग नव्हे, ते हे तेलच. पूर्वी हे काम विकत घेणाऱ्याच्याच गळ्यात असे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १८९६ पासून बिडाची भांडी ओतणाऱ्या लॉज कंपनीने २००२ साली ते कारखान्यातच करायला सुरुवात केली. थर जाड दिला तर मात्र चिकट डाग राहतात आणि मग त्याचे पापुद्रे सुटतात. इथे हात आखडता घेणाराच कामाचा.

[पडद्यावर : पॅनच्या तळावरून फिरणारं बोट.]

काही कारखाने आतला तळ यंत्रावर घासून गुळगुळीत करतात. इथे तसं केलेलं नाही, आणि मला ते आवडतं. बोट फिरवलं की बारीक खरखर लागते. साच्यातल्या वाळूच्या कणांचा तो ठसा आहे.