शाल, श्रीफळ आणि शंकू-साखळी

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि आभाळ भरून आलेले असतानाही छत्र्या घेऊन आलेले श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘प्रज्ञावान मुले आणि त्यांचे कुटुंब : भावनिक व सामाजिक आधार’ असा छापला आहे. विषय मीच कळवला होता, तेव्हा त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. परंतु त्याच पत्रिकेच्या तळाशी ‘व्याख्यानानंतर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार’ अशीही एक ओळ आहे, आणि गेली पंचवीस-तीस वर्षे मी संधी मिळेल तिथे ज्या प्रथेविरुद्ध बोलत आलो आहे ती नेमकी हीच असल्यामुळे माझी थोडी पंचाईत झाली आहे. मला बोलावण्यापूर्वी संयोजकांनी माझी पुरेशी चौकशी केलेली दिसत नाही.

पहिल्या दोन रांगांत बसलेल्या सत्कारमूर्तींनी घाबरू नये. दहावी-बारावीच्या मुलाने वर्षभर कष्ट करून गुण मिळवले आणि गावाने त्याची पाठ थोपटली, तर त्यात वाईट काही नाही. माझे भांडण आहे ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याच्या खांद्यावर शाल टाकण्याशी. शाल मोठ्या माणसाच्या मापाची असते, त्यामुळे तिचे टोक मुलाच्या पायात येते. नारळ दोन्ही हातांनी धरला तर पुष्पगुच्छ कुठे धरायचा हे त्याला कळत नाही. आणि छायाचित्रकार ‘बाळ, इकडे बघ’ म्हणत असताना मूल मात्र गर्दीत आई कुठे बसली आहे ते शोधत असते. हे दृश्य मी इतक्या बारकाईने सांगू शकतो, कारण अशी एक शाल मी स्वतः दुकानात जाऊन, रंग पारखून विकत आणली होती.

ही गोष्ट 1983-84 या शालेय वर्षातली आहे. एका साखर कारखान्याच्या गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजने लिहून घेत, आणि सुट्टीच्या दिवशी काट्यापाशी बसून हा मुलगा भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून कारकुनाच्या आधी उत्तर सांगत असे. शिक्षकाच्या आयुष्यात असे मूल वारंवार येत नाही, आणि आले की शिक्षकाच्या डोक्यात थोडे वारे जाते. माझ्याही गेले. त्या काळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला होती. मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून दिवाळीनंतर मुलाला चौथीत बसवले, म्हणजे त्याच वर्षी तो परीक्षेला बसेल आणि शाळेचे नाव होईल. चौथीत त्याची सख्खी बहीण शिकत होती, हे मला ठाऊक होते. उलट मला ते सोयीचेच वाटले. नव्या वर्गात त्याला ओळखीचे कोणीतरी असेल, एवढाच विचार मी केला.

निकाल लागला, मुलगा गुणवत्ता यादीत आला, बहीण नुसती उत्तीर्ण झाली आणि मी शाल आणली. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांना भाषणात काहीतरी चटकदार करून दाखवण्याची हौस होती. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून मुलाला विचारले, “सांग बरे, सतरा एकोणीसे किती?” मुलगा म्हणाला, “तीनशे तेवीस. पण बरोबर आहे की नाही हे तुम्हाला कसे कळणार?” त्याने हे उद्धटपणे विचारले नव्हते. त्याला खरोखरच शंका होती, कारण पाहुण्यांजवळ कागद नव्हता. मांडव हसण्याने दणाणून गेला, पाहुणे मात्र हसले नाहीत, आणि घरी गेल्यावर वडिलांनी मुलाच्या दोन थोबाडीत दिल्या. पुढे कित्येक महिने त्या मुलाने वर्गात एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

त्या संध्याकाळचे आणखी एक दृश्य मला आठवते, आणि त्याचा अर्थ लागायला मला बरीच वर्षे गेली. व्यासपीठावर चढताना मुलाने चपला काढल्या होत्या. गर्दीत त्या हरवू नयेत म्हणून आईने त्या मुलीकडे दिल्या होत्या, आणि संपूर्ण समारंभभर ती त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. दिवाळीपूर्वी हीच मुलगी वर्गात सर्वांत आधी हात वर करायची.

काही दिवसांनी मुलाची आई शाळेत आली आणि दाराशी उभी राहूनच म्हणाली, “गुरुजी, ह्याला थोडे कमी हुशार करता येईल का?” मी हसलो. हसायला नको होते. मग तिने सांगितले की, रात्री आकाशात दिसणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश तिथून फार पूर्वी निघालेला असतो, म्हणजे तो तारा आज असेलच असे नाही, हे त्याने कुठेतरी वाचले होते आणि तेव्हापासून तो झोपताना आईचा पदर मुठीत धरून ठेवत असे. वडील म्हणत, “एवढा हुशार आणि अंधाराला भितोस?” काट्यावरचे सहकारी वडिलांना विचारत, “काय, पोरगे आज कोणाला शिकवते आहे?” अभ्यासात मागे पडलेल्या मुलाच्या आईला शेजारीण धीर तरी देते, या बाईने तोंड उघडले की तिला ‘तुझे बरे आहे बाई’ एवढेच ऐकायला मिळे. जी अडचण लोकांना भाग्य वाटते, ती माणसाने सांगायची कोणाला?

ओघात आले म्हणून विल्यम सायडिसबद्दल सांगतो. वयाच्या अकराव्या वर्षी हा अमेरिकन मुलगा हार्वर्डमध्ये दाखल झाला, आणि जानेवारी 1910 मध्ये त्याने तिथल्या गणिताच्या मंडळींपुढे चतुर्मित आकृत्यांवर व्याख्यान दिले. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. मोठेपणी त्याला एवढेच हवे होते की, साधी हिशेबाची नोकरी करावी, ट्रामची तिकिटे जमवावीत आणि कोणी आपल्याकडे पाहू नये. 1937 मध्ये एका नामांकित साप्ताहिकाने त्याला शोधून काढले आणि त्याच्या भाड्याच्या खोलीचे वर्णन जगापुढे मांडले. तो न्यायालयात गेला. लेख निर्दय आहे हे न्यायालयाने मान्य केले, तरीही 1940 मध्ये निकाल साप्ताहिकाच्या बाजूने दिला, कारण एकेकाळचा प्रसिद्ध मुलगा पुढे काय झाला हे जाणून घेण्यात लोकांना रस असणारच, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. 1944 मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. अकराव्या वर्षी पांघरलेली शाल त्याला शेवटपर्यंत उतरवता आली नाही.

तर आमच्या गावाकडे परत येतो. या दोन भावंडांना सावरले ते मी नव्हे, मानसशास्त्रानेही नव्हे. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक मोजणीदार गावात राहत असत, त्यांना सगळे आबा म्हणत. सरकारी मोजणीआधी आपल्या जमिनीचा अंदाज घ्यावा म्हणून शेतकरी त्यांना बोलावत, आणि ते आपली जुनी शंकू-साखळी घेऊन बांधावर जात. मी त्यांना म्हटले, “आबा, या मुलाला रविवारी बरोबर न्या, त्याला आकडेमोड द्या.” आबांनी विचारले, “घरात दुसरे कोणी नाही का? साखळीला दोन टोके असतात.” आणि त्यांनी बहिणीलाही बोलावले.

ज्यांनी शंकू-साखळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे 40 गुंठे झाले की एकर. वाकड्यातिकड्या शेतातून एक मूळ रेषा धरायची, दोन्ही अंगांच्या कोपऱ्यांवर लंब टाकायचे, शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे आणि बेरीज करायची. मुलगा ही बेरीज तोंडी करत असे. पण साखळी बाभळीच्या खुंटाला अडली आहे, ती मधे झोळ खाते आहे, लंब काटकोनात पडलेला नाही, हे दिसायचे मुलीला. “तुझे उत्तर बरोबर आहे, पण माप चुकले आहे,” असे ती भावाला सांगे आणि दोघे पुन्हा बांधाच्या टोकापासून चालू लागत. आपली चूक कोणी न हसता दाखवते आहे, हा अनुभव त्या मुलाला प्रथमच येत होता; आणि आपल्यालाही काहीतरी दिसते, हे त्या मुलीला पुन्हा समजत होते. आबा झाडाखाली पान खात बसत. ते दोघांचीही स्तुती करत नसत. चार वाजता डबा उघडत आणि भाकरीचे तीन वाटे करत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. त्यांच्या हिशेबाने माझ्याकडे सात मिनिटे उरली आहेत, आणि पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचा आहे, तेव्हा आता भराभर सांगतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात 1980 साली एका अतिशय बुद्धिमान तरुणाने आत्महत्या केली. सोळाव्या वर्षी तो विद्यापीठात शिकत होता. त्याचे आईवडील राइट स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स वेब यांच्याकडे गेले, आणि त्यातून 1981 मध्ये अशा मुलांच्या भावनिक गरजांसाठी एक कार्यक्रम उभा राहिला. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पालकांच्या गटाचा. तिथे एखादा तज्ज्ञ पालकांना उपदेश करत नाही. पालक एकत्र बसतात आणि शिस्त, हट्ट, भावंडांमधली धुसफूस, मुलाचे एकटे पडणे यांवर आळीपाळीने बोलतात. ‘तुझे बरे आहे बाई’ असे तिथे कोणी म्हणत नाही, कारण प्रत्येकीचे तितकेच ‘बरे’ असते.

ताऱ्यांमुळे न झोपणाऱ्या मुलाचे कोडेही पुढे मला तिथल्याच मंडळींच्या लिखाणात उलगडले. 1991 मध्ये ओहायोतल्याच कोलंबस शहरात जमलेल्या काही अभ्यासकांनी प्रज्ञेची व्याख्याच असमकालिक विकास अशी केली, म्हणजे बुद्धी एका वयाची, भावना दुसऱ्या वयाच्या आणि शरीर तिसऱ्या वयाचे. त्या मुलाला प्रश्न पंधराव्या वर्षाचा पडला होता आणि भीती आठव्या वर्षाची वाटत होती. त्याला खगोलशास्त्राचे पुस्तक हवे होते आणि आईचा पदरही हवा होता. आम्ही त्याला पुस्तक आणून दिले आणि पदराबद्दल हिणवले.

वर्ग ओलांडण्याविषयी गैरसमज नको. पुरेशी पारख करून मुलाला वरच्या वर्गात घातले, तर सहसा त्याचे सामाजिक नुकसान होत नाही, असेच संशोधन सांगते. पण असा निर्णय घेण्यासाठी आयोवा विद्यापीठातील अभ्यासकांनी जी मोजपट्टी तयार केली, तिच्यात काही अटी अशा आहेत की, त्यांतली एक जरी आड आली तरी पाऊल उचलू नये. मुलाची स्वतःची तयारी नसणे ही त्यांतली एक. ज्या वर्गात मुलाला घालायचे त्या वर्गात त्याचे भावंड असणे ही दुसरी. निवृत्तीनंतर मी हे वाचले, पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुढे काही वाचले नाही.

शाळांबद्दल दोनच वाक्ये. पुण्यात 1962 मध्ये आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने 1969 मध्ये प्रशाला काढली, आणि अशा मुलांना आपल्यासारखी मुले भेटण्याची सोय आपल्या राज्यात झाली. नवोदय विद्यालयांतले अगदी पहिले एक अमरावतीला निघाले, तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात ही फार मोठी गोष्ट आहे. पण सहावीत वसतिगृहात जाणारे मूल हुशार असले तरी सहावीतलेच असते, त्यामुळे पहिले काही महिने त्याला गणितापेक्षा घरच्या पत्राची गरज अधिक असते.

आणि ज्यांना आपण निवडत नाही त्यांचे काय? लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियात बुद्धिमान मुलांचा जो प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, त्याच्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे गळाले आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या शाळेत चपला धरून बसलेल्या मुलीची तर चाचणी घ्यावी, असेही कोणाच्या मनात आले नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारतात. मी ते सांगत नाही. सायडिसच्या खोलीचे दार ज्या कुतूहलाने ठोठावले गेले, तेच कुतूहल त्या प्रश्नात असते. दोघे भावंडे एकमेकांशी बोलतात, एवढे सांगायला हरकत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. सत्कार सुरू होऊ द्या, मी जात नाही. बाहेर चहाच्या टेबलापाशी मी थांबतो. इथे ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्या पालकांनी माझ्याकडे एकेकटे येऊ नये. दोन-तीन घरांनी मिळून यावे, आधी एकमेकांशी बोलावे, आणि त्यातून काही उरले तर मला विचारावे.